बाबा पंच असताना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात पोरांचा तान्हा पोळा भरतो. लाकडी बैल सजवून पोरं मैदानात रांगेनं उभी राहतात, आणि सगळ्यात देखण्या बैलाले बक्षीस मिळतं. सत्तरच्या दशकात नंदनवनातल्या आमच्या गल्लीचे पंच माझे बाबाच. काहून, तर त्यांच्याइतका निःपक्ष माणूस नाही म्हणे. नळावरचं भांडण असो की पोरांच्या क्रिकेटमधला आउट, लोक बाबांकडेच येत. मले त्या निःपक्षपणाचा भारी राग. त्याचा सगळा भुर्दंड मलेच पडे नं!

शेजारच्या पोरीले दोन वर्षं लागोपाठ पहिलं बक्षीस मिळालं. तिचा बैल काय, तर गळ्यात कागदी माळ अन् दोन घुंगरू. माझ्या बैलाच्या शिंगांले बेगड, पाठीवर आईच्या लग्नाच्या शालूच्या तुकड्याची झूल. लोक वळून वळून पाहत, पण बाबा माझ्यासमोर थांबतही नसत. ती बया बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन आमच्याच ओट्यावर येऊन बसे. माझ्या जिवाची नुसती आग आग होई. आई समजावे, जाऊ दे वं, तुले दिलं तर लोक काय म्हणतील. लोक! म्हणजे माझ्यापेक्षा लोक जवळचे.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, बाबांले रंगेहाथ पकडायचं. मैदानाच्या कोपऱ्यात तिले गाठलं अन् म्हटलं, आपण बैल बदलू. माझ्या बैलाकडे पाहून ती एका पायावर तयार झाली. बाबा आले. माझ्या हातातल्या बैलाकडे न पाहता पुढे गेले. तिच्यापाशी मात्र थांबले, वाकले, झुलीवरून हात फिरवला. पहिला नंबर तिचा. बैल माझा अन् टाळ्या तिले!

घरात पाय ठेवताच मी आईसमोरच बाबांवर तोफ डागली. तोंड पाहून बक्षीस देता अन् म्हणे निःपक्ष, तो बैल माझा होता.

बाबा चपला काढत होते. म्हणाले, "मले माहीत होतं. तुझ्या आईचा शालू मी ओळखणार नाही काय?"

मंग तिले काहून दिलं, मी विचारलं.

"तिले नाही वं, तुझ्या बैलाले दिलं. तुझ्या हातात असता तर मले देताच आलं नसतं."

आईनं डोळ्याले पदर लावला. माझा राग काही उतरला नाही. बाहेर त्या पोरीचा बाप तिले खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरून राहिला होता. माझी पोरगी पहिली आली म्हणून दारोदार सांगत होता. बैल कोणाचा, याच्याशी त्याले काही घेणंदेणं नव्हतं. मी खिडकीतून पाहत राहिली. त्या घडीले तिचा डबा मले नको होता, तिचा बाप हवा होता.