आपले थेंब, मांजरीचा डोळा

चष्मेवाले काका म्हणजे एक नंबरचे हट्टी. तीस वर्षं दुकान तेच, खुर्ची तीच, आणि काउंटरमागची पाटीही तीच: ‘दुसऱ्याचे थेंब आपल्या डोळ्यांत घालू नका.’ कुणी शेजारणीची बाटली वापरली एवढं कळायचा अवकाश, काका त्याला भर दुकानात असं फैलावर घेत की बिचारा कशाला आलो होतो तेच विसरे.

आणि अशा माणसानं काय करावं? स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब मांजरीच्या डोळ्यात घातले!

ही मांजर दिवसभर दुकानात लेन्सच्या खोक्यावर बसायची. तोरा असा, की काकू तिला बाईसाहेब म्हणायच्या. एकदा बोक्याशी भांडून आली. उजवा डोळा लालभडक, सारखं पाणी.

“अहो, जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.”

“डोळ्यांतलं तू मला शिकवणार?”

दुसऱ्या दिवशी लाली उतरली. काकांची कॉलर ताठ! चौथ्या दिवशी मात्र डोळा उघडेना. काकांनी हलकेच पापणी वर केली, तर बुबुळ धुरकट पांढरं. तिला उचलून ते थेट जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, दिवा बंद केला आणि निळा उजेड धरला. बुबुळावर हिरवा डाग चमकला.

“नखानं जखम झालीय. घरी काय घातलंत?”

काकांनी खिशातली बाटली टेबलावर ठेवली.

“यात स्टेरॉइड आहे, काका. लाली उतरते, पण जखम भरत नाही, उलट चिघळते. आता आणखी खोल गेली, तर डोळा काढावा लागेल. दर दोन तासांनी हे नवे थेंब घाला. तिचा पंजा डोळ्याला लागता कामा नये. तीन दिवसांनी पुन्हा आणा.”

“नाही जाऊ द्यायचा डोळा,” काका म्हणाले.

गळ्यात घालायचं नरसाळ्यासारखं विकतचं कडं बाईसाहेबांनी तासाभरात भिरकावून दिलं. मग काकांनी दुकानातलं पातळ प्लॅस्टिक कापलं, काठाला काच पुसायचं मऊ फडकं शिवलं, आणि चष्म्याच्या दोरीनं ते बेतानं बांधलं. ते टिकलं. काकू तिला टॉवेलात गुंडाळून धरायच्या, काका थेंब घालायचे. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे! हात ओरबाडून निघाले, पण एक पाळी चुकली नाही.

“माझ्या ऑपरेशनला इतकं केलं नव्हतंत,” काकू म्हणाल्या.

“तुझं मी बिघडवलं नव्हतं,” काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा रंग, पुन्हा निळा उजेड. काकांचा जीव टांगणीला लागलेला.

“खोल गेलेली नाही. कडा भरतायत.”

काकांनी रुमालात तोंड खुपसलं आणि चक्क रडले. पुढे पंधरा दिवसांत जखम भरली, नजर राहिली. बुबुळावर एक पांढरा ठिपका तेवढा उरला.

परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, “काका, कुत्र्याचा डोळा चिकटतोय. माझे थेंब उरलेत, घालू का?”

आता काका त्याला सोलून काढणार, म्हणून काकू लगबगीनं पुढे आल्या. पण काकांनी बाईसाहेबांना उचलून काउंटरवर ठेवलं.

“हा पांढरा ठिपका दिसतो?”

“अरेरे! कुणी केलं हे?”

“ओरखडा बोक्याचा,” काका म्हणाले. “ठिपका माझा.” आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून त्याच्या हातात दिला.