जिवंत माणसांच्या घरी गेलेलं पत्र

"आधी हात मागे," ताई म्हणायच्या आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून स्क्रीनसमोर उभ्या राहायच्या. वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. संगणकावर मध्येच बंद पडलेला जॉब का पडला हे नीट वाचून झाल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. नवे लोक हसायचे. तुम्हीही हसला असता.

मी नोकरीला लागलो तेव्हा हा नियम नव्हता. तो कसा आला, ते मी पाहिलं आहे.

अंबरनाथ एमआयडीसीत केमिकल कारखान्यांच्या शेजारी आमचं ऑफिस होतं. मेनफ्रेम, म्हणजे मोठा संगणक, त्यावर एकामागून एक कामं आपोआप चालायची. त्यांनाच आम्ही जॉब म्हणायचो. एखादा मध्येच पडला तर तो कुठून पुन्हा सुरू करायचा, हे ऑपरेटरनं लेखी सूचना वाचून ठरवायचं. त्या सूचना ताईंनीच लिहिलेल्या. ताई आमच्या शिफ्टच्या प्रमुख. बदलापूरहून, तिथल्या शिरगावातून यायच्या. डब्यात एक भाकरी जास्त आणायच्या आणि "मला संपत नाही रे, तू घे" असं खोटं बोलून ती कुणाला तरी खायला लावायच्या.

आमच्याकडे काही कारखान्यांच्या निवृत्त कामगारांच्या पेन्शनचं काम होतं. एक जॉब सगळ्या यादीतून वारलेल्यांची नावं वेगळी काढायचा. पुढचा जॉब त्यांच्या घरी पाठवायचं सांत्वनाचं पत्र छापायचा. एका दुपारी पहिला जॉब मध्येच पडला. ताईंनी सूचना काढली. 'पडल्यास पुढच्या जॉबपासून चालू करावे.' त्यांनी तसं केलं. नावं वेगळी काढणं अर्धवट राहिलं होतं, त्यामुळे न तपासलेली काही नावंही पुढे गेली. वारलेल्यांसोबत काही जिवंत माणसांच्या घरीही पत्रं गेली.

चौकशी झाली. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही सूचनेप्रमाणेच केलंत. तुमच्यावर काही येत नाही."

"सूचना कुणी लिहिली, सर?"

मॅनेजरनी फाईल मिटली.

कंपनीनं माफीची पत्रं पाठवली. ताईंना ते पटलं नाही. "पत्रानं झालेलं पत्रानं मिटत नाही," त्या म्हणाल्या आणि सुट्टीच्या दिवशी जवळपासच्या घरी स्वतः जाऊ लागल्या. मी उल्हासनगरचा, म्हणून सोबत मला घेतलं.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक सिंधी आजोबा राहत होते. खाली शिलाई मशीनचा खडखडाट. ताईंनी हात जोडून सगळं सांगितलं. आजोबा पोट धरून हसले. "अरे बहनजी, उस दिन सब रिश्तेदारों का फोन आया. जीते जी कौन करता है?" आम्हाला पापड खायला घातले. जिन्यावरून उतरताना मी म्हटलं, "बघा, लोक समजून घेतात."

"हसले म्हणून चूक झाली नाही असं होत नाही," ताई म्हणाल्या.

दुसरं घर अंबरनाथला, एका गल्लीत, तळमजल्यावर. दार नवऱ्यानं उघडलं; पत्र त्यांच्याच मृत्यूचं होतं. पत्र आलं तेव्हा ते कोकणात गावी घराची कौलं बदलायला गेले होते आणि तिथं फोन लागत नव्हता. बायकोनं पत्र वाचलं. कंपनीला कळलंय, म्हणजे खरंच असणार, असं तिला वाटलं. तिनं बांगड्या फोडल्या. दुसऱ्या दिवशी नवरा पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तर तिनं त्यांना ओळखच दिली नाही.

आम्ही गेलो तेव्हा ती आतल्या खोलीत बसली होती. मनगटावर काचेचे व्रण. नवरा पाणी आणायला उठला की तिची नजर त्यांच्यामागे जायची. ताईंनी माफी मागितली. ती म्हणाली, "चहा घेणार?" एवढंच.

त्यानंतर ताईंनी सगळ्या सूचना पुन्हा लिहायला घेतल्या. प्रत्येक जॉबखाली एक ओळ वाढवली: हा चुकला तर कोणाच्या घरी काय जातं. मॅनेजर म्हणाले, असलं काही ऑपरेटरच्या सूचनांत नसतं. ताईंनी ती ओळ काढली नाही. 'आधी हात मागे' हा नियमही तेव्हाचाच.

आणि त्या अंबरनाथच्या घरी जात राहिल्या. कधी चिकू, कधी घरच्या शेवया. कधी मीही सोबत असायचो. बायको बोलायची नाही, पण ताई तिच्याशेजारी बसून मेथी निवडायच्या. मला वाटायचं, आता बरं चाललंय.

एकदा निघताना नवरा आमच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत आला.

"ताई, एक बोलू? राग मानू नका."

"बोला ना."

"तुम्ही आता येऊ नका. तुम्ही मनानं चांगल्या आहात. पण तुम्ही येऊन गेलात की रात्रभर ती मला हात लावून बघते. आहे का, म्हणून."

ताईंनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. रिक्षात शेजारी बसल्या, तेव्हा पाहिलं, शेवयांचा डबा द्यायचा राहून गेला होता. तो मांडीवर घट्ट धरून त्या बाहेर बघत राहिल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. कारण घरचं सांगितलं. त्यांच्या खुर्चीत आता दुसरं कुणी बसतं आणि डब्यातली जास्तीची भाकरी कुणी आणत नाही.

मध्यंतरी मी बसलेली शेअर रिक्षा गर्दीत अडकली, तेव्हा त्या मला दिसल्या. त्याच गल्लीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीशी उभ्या होत्या. गल्लीतल्या त्या घराच्या दारात ती बाई बसून नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत होती. नवरा बाजूला स्टुलावर बसला होता. तिनं दोरा दातांनी तोडला, शर्ट झटकला आणि त्यांच्या खांद्याला लावून बघितला.

ताईंनी पदर सावरला आणि त्या स्टेशनच्या दिशेनं चालू लागल्या. मी हाक मारली नाही.