चौथ्या माणसाचा चाकू

मोडनिंबहून सोलापूरला येणाऱ्या सकाळच्या एसटीत एक गृहस्थ रोज तिघांच्या बाकावर चौथे म्हणून टेकायचे. टेकले की खिशातून दुधी रंगाच्या मुठीचा घडीचा चाकू काढायचे. काडीनं खाचेतला मळ टोकरायचे आणि आपल्याच चोपड्या केसांतून बोट फिरवून ते तेल बिजागरीला लावायचे. मग पातं उजेडात धरून न्याहाळायचे. तोवर शेजारचे तिघं आपोआप सरकलेले असायचे.

एकदा मी पेरू कापायला पुढे केला. ते कानाशी येऊन हळूच म्हणाले, "धार न्हाय हो त्याला. बसाय जागा हुती, लई झालं की!"

मीही तसाच चाकू घेतला. बसमध्ये पुसायला काढला, तर शेजारच्या मावशींनी पिशवीच उघडली. "बरं झालं बाबा, एवढं चार पेरू काप की."