दीड पानाचा माणूस

मी मेहकरच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली असताना आमच्या गल्लीत एक म्हातारी तिच्या लेकीकडे कायमची राहायला आली. तिचा मुलगा खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होता आणि गावात तिच्याशी कुणी बोलेनासं झालं होतं. तिला लिहिता येत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी ती माझ्या ओट्यावर येऊन बसायची, मुलाला पत्र सांगायची आणि मी लिहायचे. भाचीला दात आले. तुझा सदरा धुऊन ठेवला आहे. गुडघा दुखतो पण काळजी करू नको. मुलानं काय केलं, काय नाही, हे तिनं कधी आपण होऊन काढलं नाही. शेवटी मीच विचारलं.

"त्यानं नाही केलं, बाई," ती म्हणाली. एवढंच.

मी वकिलांकडून निकालपत्र आणि साक्षींच्या नकला मिळवल्या. प्रकरण जानेफळच्या पलीकडच्या एका लहान गावातलं. दोन शेजारी शेतकरी, दोघंही तिशीच्या आतले, मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण. एका संध्याकाळी त्यातला एक धुऱ्यावर मरून पडलेला सापडला, डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. दुसऱ्याला पकडलं. शिक्षा मुख्यतः एका साक्षीदाराच्या शब्दावर झाली. आपण खळ्यावर होतो, मरणारा आरोपीचं नाव घेऊन "मारू नको" असं ओरडला, धावत गेलो तेव्हा आरोपी पळताना दिसला, असं त्यानं कोर्टात सांगितलं होतं. त्या साक्षीदाराचं आणि आरोपीच्या घराचं जुनं वाकडं होतं. वरच्या कोर्टातही शिक्षा कायम राहिली.

मी दोन वर्षं खपून पुस्तक लिहिलं. म्हातारीसाठी लिहिलं, हे आता कबूल करते. पुस्तक वाचलं गेलं, पत्रं आली, निरनिराळ्या गावांतून भाषणाची बोलावणी आली. प्रत्येक भाषणात मी एकच सांगायचे, की या तपासात दुसरी बाजू ऐकलीच गेली नाही.

डोणगावच्या वाचनालयातही तेच बोलले. दुपारची वेळ होती, तीसेक माणसं होती. भाषण संपल्यावर लोक चहाकडे वळले तेव्हा पन्नाशीची एक बाई माझ्यापाशी आली. हातात माझं पुस्तक होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं.

"बाई, एक विचारू काय?"

"विचारा ना."

"तुमी आमच्या घरी काऊन नाही आल्या?"

मला काही कळेना. आपण कोण, असं मी विचारलं.

"मी त्याची बहीन," ती म्हणाली. "जो मेला, त्याची."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी काहीतरी पुटपुटले, तुम्हाला त्रास नको म्हणून, वगैरे. तिनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता या. मले सांगाचं आहे. इथं उभ्या उभ्या नाही जमत."

पुढच्या रविवारी मी गेले. डोणगावच्या कडेला त्यांचं शेत होतं. वांगी, मेथी, कोथिंबीर लावायचे आणि बाजाराला न्यायचे. तिनं बाजेवर चादर घातली, पाणी दिलं आणि माझं पुस्तक आणून समोर ठेवलं. पुस्तकातून खराट्याच्या काड्या बाहेर आल्या होत्या. काही लांब, काही आखूड.

"सातवी झाली माही," ती म्हणाली. "वाचाले दीड महिना लागला. जिथं खोटं वाटलं तिथं लांब काडी घातली. जिथं खरं वाटलं तिथं आखूड."

मी पाहिलं. आखूड काड्या जास्त होत्या. आपल्या भावाच्या मारेकऱ्याला, म्हणजे तिच्या लेखी मारेकऱ्यालाच, निर्दोष म्हणणारं पुस्तक ती दीड महिना वाचत होती आणि खऱ्याला खऱ्याची खूण करत होती. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, पण इतक्या सरळ हातानं तपासल्या असं मला म्हणता येणार नाही.

पहिली लांब काडी तिनं काढली.

"इथं तुमी लिवलं, तो रोज प्याचा. कोनं सांगतलं?"

म्हातारीनं आणि गावातल्या एका चहावाल्यानं सांगितलं होतं. मी तसं म्हटलं.

"पोळ्याले प्याचा. लग्नाबिग्नात प्याचा. रोज नाही. रोज पेला असता तर आईचे डोये त्यानं सांभाळले नसते." मग ती थांबून म्हणाली, "त्या कैद्याच्या मायीवर तुमी किती लिवलं. ती कशी रडते, कशी चालते, डबा कशी बांधते. मी मोजलं. पस्तीस पानं. माह्या भावावर दीड पान, अन् त्यात तो दारू पिऊन भांडतेच. तो मेला म्हनून तर हे पुस्तक झालं ना, बाई?"

दुसरी काडी निघाली.

"भांडनानंतर त्या म्हातारीचा पोरगा पारावर म्हनाला होता, 'एक दिवस तोडूनच टाकतो.' साऱ्या गावानं ऐकलं. ते पुस्तकात नाही. तुमाले माहीत नोतं?"

मला माहीत होतं. म्हातारीनंच एकदा पत्र सांगता सांगता रडत ते बोलून टाकलं होतं. रागाच्या भरात माणूस बोलतो, असं स्वतःला समजावून मी ते वगळलं होतं. सांगायची लाज वाटत होती, पण त्या बाजेवर बसून खोटं बोलणं शक्य नव्हतं.

"माहीत होतं," मी म्हणाले. "मी लिहिलं नाही."

"हाव," ती म्हणाली. "मले वाटलंच."

तिनं चहा ठेवला. चहा घेऊन झाल्यावर मला वाटलं, आता निघावं. पण तिनं पुस्तक पुन्हा उघडलं. साक्षीदाराची जबानी मी जशीच्या तशी छापली होती, ते पान.

"ही साक्ष मी पयल्यांदा तुमच्या पुस्तकात वाचली. कोर्टात आमचे काका जायचे. घरी येऊन म्हनत, साक्ष चांगली झाली. काय झाली ते कोनी सांगतलं नाही, आमीबी विचारलं नाही." तिनं ओळीवर बोट ठेवलं. "इथं आहे, तो नाव घेऊन ओरडला. खळ्यावर ऐकू गेलं."

"हो."

"तो ओरडूच शकत नोता, बाई. त्याचा आवाज बसला होता. चार दिवस. मी आईच्या मोतीबिंदूसाठी आठ दिवस माहेरीच होती. डॉक्टरानं बोलूच नको म्हनून सांगतलं होतं. भाकर पाहिजे तरी ताटावर टिचकी मारायचा. त्या दिवशी शेतात जाताना मले हातानंच सांगून गेला."

दारात तिची सून उभी होती, तीही ऐकत होती.

माझ्या सगळ्या पुस्तकाला जे सापडलं नव्हतं ते या घरात इतकी वर्षं होतं. आणि मी आले नव्हते.

"तुम्हाला काय वाटतं मग?" मी विचारलं. "त्यानं नाही मारलं?"

"मले वाटते त्यानंच मारलं," ती म्हणाली. "आजबी वाटते. पन हाक खोटी आहे."

"हे तुम्ही सांगितलंत तर त्याला फायदा होईल."

"होऊ द्या."

"तुमचे घरचे?"

"घरचे बोलतीन. पन माहा भाऊ मुक्यानं गेला. त्याच्या तोंडात दुसऱ्याचं बोलनं मी कशी राहू देऊ?"

त्या बाईकडे मी पाहत राहिले. न्याय हा शब्द मी वर्गात कितीदा फळ्यावर लिहिला असेल. तो माणसात असा बसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. एकाच मनात तिचं दुःख होतं, तिचा संशय होता, आणि ते दोन्ही बाजूला सारून तिनं खरं तेवढं उचलून माझ्या हातात दिलं होतं.

पुढं ती माझ्यासोबत वकिलांकडे आली आणि तिनं लिहून दिलं. घरचे खरंच बोलले. चुलतभावांनी तिच्याकडे येणं सोडलं. वकिलांनी आधीच सांगितलं होतं, की अपील संपल्यावर इतक्या उशिरा आलेल्या शब्दाला फार वजन नसतं. तसंच झालं. निकाल बदलला नाही. म्हातारीचा मुलगा त्याची वर्षं भरूनच सुटला. गावात परतला नाही. वरवट बकालकडे एका नातेवाइकाच्या शेतात राहतो. त्याला मी एकदाच भेटले. पारावरच्या बोलण्याबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बोललो होतो. केलं नाही." मी ते नव्या आवृत्तीत तसंच लिहिलं. भावाचा आवाज बसल्याचा त्या बाईचा जबाबही तसाच लिहिला, आणि तिचा संशयही.

नवी आवृत्ती काढायची म्हणजे पुस्तक जवळजवळ पुन्हा लिहावं लागलं. मी मेलेल्याच्या बहिणीकडे अनेकदा गेले. तिच्या भावाला पाण्याचा अंदाज होता, लोक विहिरीची जागा दाखवायला त्याला नेत. तिला लग्नानंतर सायकल त्यानंच शिकवली, सासरच्या रस्त्यावर, सगळ्यांसमोर. त्याचं लग्न ठरत आलं होतं. हे सगळं आलं. पहिल्या आवृत्तीत मी काय वगळलं आणि कुणाकडे गेले नाही, तेही सुरुवातीलाच लिहिलं. काही वाचक नाराज झाले. पुस्तक आता ठामपणे काहीच सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे. खून कुणी केला हे मला माहीत नाही.

सगळ्यात कठीण होतं म्हातारीला सांगणं. धमकीचं लिहिणार म्हटल्यावर ती उठून गेली आणि दोन महिने माझ्या ओट्यावर आली नाही. मग एका सकाळी आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "त्या पोराचं काय लिवलं, ते वाचून दाखवा."

मी मेलेल्याचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती. विहिरीची जागा आली तेव्हा तिनं मान हलवली. वाचून झाल्यावर तिनं पदर खाली केला.

"लहानपनी आमच्याच घरी राह्याचा," ती म्हणाली. "दोघं एका ताटात जेवायचे. त्याले ठेचा लागायचा. हेबी लिवा."