माझ्या मनगटाचा रंग

आठवीत शाळा सुटली आणि लोह्याजवळच्या आमच्या गावातून मी एकटीच ठाण्याला आले. मालिकेच्या सेटवर मेकअप करणाऱ्या ताईंनी मला हाताखाली घेतलं, स्वतःच्या खोलीत जागा दिली. ते उपकार आहेतच. म्हणून तर राग नीट काढताही येत नाही.

मालिका आमच्याकडचीच, लातूरच्या एका खेड्यातली. नायिका शेतात राबणारी, आणि तिचं काम करणारी मुलगी गोरीपान. रोज सकाळी ताई तासभर तिला सावळं करायच्या. मी शेजारी रंगाची वाटी धरून उभी. माझ्याकडे बघून कुणाला काही सुचलं नाही.

मग चॅनलवाले म्हणाले, आता सगळं फोर-के, बारीकातलं बारीक दिसणारं. नवे कॅमेरे आले. पहिलाच सीन मोठ्या पडद्यावर लावला. कानामागे रंगाची कड, केसांच्या मुळाशी गोरी रेघ, घामानं हनुवटीवर पडलेले चट्टे. जुन्या कॅमेऱ्यानं हे सगळं पोटात घातलं होतं.

"ताई, भिंत रंगवलीय का ही?" डायरेक्टर म्हणाले. "उद्यापर्यंत जमवा, नाहीतर मी दुसरं माणूस बघतो."

ताईंनी मान खाली घातली. त्या गेल्या तर मीही गेले, हे मला कळत होतं. तरी तोंडातून निघालंच, "सर, रंगवायचंच कशाला पण? आमच्याकडं ह्या रंगाच्या पोरी लई हायत."

"मग तूच हो की हिरॉईन."

सगळे हसले. ताईसुद्धा हसल्या. ते मला अजून टोचतं.

सेट रिकामा झाल्यावर ताईंनी माझा हात ओढून दिव्याखाली धरला. "हलू नकोस." वाटीत पिवळा, विटकरी, जरासा हिरवा मिसळत त्या माझ्या मनगटावर ठिपके देत गेल्या. एक ठिपका कातडीत मिसळून दिसेनासा झाला तेव्हा म्हणाल्या, "हाच. इतके दिवस मी नुसतं तपकिरी फासत होते गं."

दुसऱ्या दिवशी ताईंनी तोच रंग पातळ करून तिच्या कानामागे, केसांच्या मुळाशीही लावला. डायरेक्टर खूश. "आता कशी अस्सल वाटते."

अस्सल. मी तिथंच उभी होते, बाही वर करून.

रविवारी आईला फोनवर विचारलं, "मालिकेतली बाई आता निराळी दिसायली का गं?"

"न्हाई बा. पहिल्यासारखीच हाय. आपल्याकडचीच पोर हाय ना ती?"

घरचा टीव्ही जुना. तिला ती कड कधी दिसलीच नव्हती. मी म्हणाले, "हाव."

ताईंचं काम टिकलं, माझंही. रोज वाटतं, उद्या नाही म्हणायचं. आणि रोज सकाळी त्या मुलीच्या गालाजवळ मनगट धरून मी उभी राहते.