दुखण्याचा आकडा

माणसाचं मन आकड्यांत मावत नाही, हे महान सत्य पुरतं उमगलेले एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटले. ते इथे आखातात, फरीज बिन ओमरान या वस्तीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हीच मोजमापं शिकवून पोट भरतात. आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणतो.

सरांच्या मते जगातला निम्मा डामडौल आकड्याची जात न ओळखल्यामुळे होतो. "माणसाची विचारू नये, आकड्याची जरूर विचारावी," असं ते म्हणतात. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी, जे वेस्ट बेमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहेत, खटपट करून गाडीला मोजक्याच आकड्यांची नंबर प्लेट मिळवली. इथे प्लेट जितकी आखूड तितका माणूस मोठा समजतात. अध्यक्षांनी पेढे वाटले. सरांनी पेढा संपवला, हात पुसले आणि सांगितलं, "हा आकडा म्हणजे नुसतं नाव. नामश्रेणी. उद्या गाडीला बंड्या म्हणालात तरी तेवढंच." त्याच अध्यक्षांनी गणपतीत 'कार्यक्रम कसा वाटला, एक ते पाच' अशी मतं गोळा केली आणि सरासरी स्टेजवरून जाहीर केली, तेव्हा सर उभेच राहिले. "ही क्रमश्रेणी आहे. पाच चाराच्या वर, चार तिनाच्या वर, एवढंच कळतं. मधलं अंतर सारखं आहे कशावरून? सरासरी कसली काढता?" अध्यक्ष म्हणाले, "सर, खलास करा आता, मसालेभात गार होतोय." तो तोवर झालाच होता. जुलैत एकदा लिफ्टमध्ये घाम पुसत मी म्हणालो, "जानेवारीच्या दुप्पट उकडतंय." सर म्हणाले, "दुप्पट म्हणता येत नाही. सेल्सिअसचा शून्य म्हणजे उष्णता संपली असं नव्हे, पाणी गोठतं तिथली नुसती खूण आहे ती. फरक सांगा, पट सांगू नका." माझ्या सदऱ्याला हा खुलासा पटला नाही.

विद्यार्थी बहुतेक पुण्या-नाशकाकडच्या घरांतल्या मुली. मराठी ऐकतात, उत्तर इंग्रजीत देतात. मध्यमान, म्हणजे सरासरी, शिकवताना सर त्यांना सांगतात, "नजम्याच्या दाट वस्तीत एका खोलीत सहा जण आणि एक बाथरूम. पलीकडे व्हिलात दोघं आणि सात बाथरूम. मध्यमान काढा. माणशी एक! आंघोळ मात्र सहा जण रांगेतच करणार." एक मुलगी म्हणाली, "बट सर, दॅट्स सो अनफेअर." "अनफेअर तर आहेच. आपण त्याला स्क्यूड म्हणतो, एकीकडे कललेलं. म्हणून मध्यांक घ्यायचा. सगळ्यांना ओळीत उभं करायचं आणि मधल्याला विचारायचं." आणि विचारलं की येईल ते उत्तर पवित्र मानायचं, हा सरांचा धर्म. सुचवायचं नाही, खोडायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही.

सरांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, हाडांत कॅन्सर उतरला तेव्हा हा धर्म त्यांच्या घरात शिरला. हॉस्पिटलात केरळी सिस्टर दर वेळी विचारायची, "अम्मा, पेन कितना? ज़ीरो टू टेन?" वहिनी म्हणायच्या, "तीन." त्यावर औषधाचा डोस ठरायचा, म्हणजे वाढायचा नाही. गाडी मी चालवायचो. स्पीडब्रेकर आला की मागच्या सीटवरून जो आवाज यायचा तो तिनाचा नव्हता. मी एकदा विचारलंच. वहिनी म्हणाल्या, "दहा म्हणजे माझ्या आईचं होतं, भावोजी. औषधाशिवाय गेली ती. मी कुठल्या तोंडानं आठ सांगू?"

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, हे तीन नाही."

"मला कळत नाही का? पण उत्तर तिचं आहे."

मला त्यांचा संताप आला होता.

मग एका सकाळी वहिनींना खुर्चीतून उठवताना त्यांची नखं सरांच्या मनगटात रुतली. सिस्टरने विचारलं. वहिनी म्हणाल्या, "तीन."

"आठ लिहा, सिस्टर," सर हिंदीत म्हणाले.

"अहो, दुखतंय मला की तुम्हाला?"

"आठ."

"मुलींना हेच शिकवता का?"

"नाही."

सिस्टरने दोघांकडे पाहिलं आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, डोस वाढवला. परतताना वहिनी गाडीत झोपल्या. वर आल्यावर सर चोरी केल्यासारख्या आवाजात मला म्हणाले, "डेटा खोटा केला मी."

"सर, वहिनी झोपल्यात."

"हो. पण खोटाच."

त्यानंतर वहिनींनी आकडा सांगणं सोडूनच दिलं. "त्यांना विचार, माझं दुखणं त्यांनाच जास्त कळतं," असं त्या सिस्टरला मोडक्या हिंदीत सांगायच्या आणि हसायच्या. सर मान खाली घालून आकडा सांगायचे. शेवटचे काही आठवडे वहिनींना झोप लागत होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर वहिनी गेल्या. त्यांना नाशिकला न्यायचं होतं. विमानतळावर कार्गोच्या काट्यावर पेटी ठेवली आणि स्क्रीनवर आकडा उमटला. सरांनी तो वाचला.

"एवढी नव्हती हो ती," ते मला म्हणाले.

काउंटरवरच्या माणसाला मराठी कळत नव्हतं. कार्गोत पेटी आणि माणूस वेगळे मोजत नाहीत.