गंधमुक्तीची जाहिरात

वाल्मिकआप्पा आमच्या गोडादरा वस्तीचा वार्ताहर. दिवसा उधन्याच्या कापड कारखान्यात लूम चालवायचा आणि सुटी झाली की सुरतेतल्या एका मराठी दैनिकाला बातम्या पोचवायचा. गटार तुंबलं, नळ कोरडा, मराठी शाळेत मास्तर नाही. आप्पाने लिहिलं की निदान कुणीतरी बघायला यायचं. मानधन शून्य, पण गळ्यातल्या ओळखपत्राचा रुबाब असा, की मी चिडवायचो, "आंघोळीला तरी काढतोस का रे?"

मागच्या वर्षी ते दैनिक एका मिलमालकाने विकत घेतलं. आप्पा म्हणाला, मालक बदलला तरी लेखणी आपलीच. बळी तो कान पिळी, हे जन्मभर लूमवर राबूनही त्याला कळलं नव्हतं.

मग त्याच मालकाच्या मिलमध्ये वाफेचा पाइप फुटून आमच्या वस्तीतल्या सरलाबाईचा मुलगा गणेश गेला. ठेकेदाराचा माणूस, हजेरीवर नाव नाही. मिलने कानांवर हात ठेवले, हा मुलगा आमच्याकडे नव्हताच. सरलाबाईचं मागणं एकच होतं.

"मना आंडोर कामवर मरना, इतलंच छापी दे, आप्पा."

आप्पाने दोनदा बातमी दिली, दोनदा ती गिळली गेली. संपादक फोन उचलेनात. पेपरांवर देखरेख करणाऱ्या दिल्लीच्या परिषदेकडे तक्रार करायला निघाला, तर आधी संपादकालाच लेखी कळवा, असा नियम निघाला. म्हणजे चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

तेव्हा त्याला युक्ती सुचली. आम्हा खानदेशी लोकांत सुतक फिटलं की गंधमुक्तीचा कार्यक्रम करतात, आणि त्याचं निमंत्रण पेपरात देतात. जाहिरातीचं टेबल वेगळं, तिथे कोण वाचतं? त्याने लिहिलं, 'चि. गणेश याचे मिलमध्ये कामावर असताना निधन झाले.' खाली निमंत्रक म्हणून सरलाबाईचं नाव आणि अंगठा.

जाहिरात आली. फोटो, तारीख, नातेवाईक, सगळं बरोबर. फक्त 'मिलमध्ये कामावर असताना'च्या जागी 'अल्पशा आजाराने'. टेबलावरच्याने सवयीने घातलं की वरून हुकूम आला, ते आजवर कळलं नाही. सरलाबाई मात्र कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकाला ते कात्रण दाखवत होती. तिला वाचता येत नव्हतं. आम्हाला येत होतं, आणि आम्ही गप्प बसलो. मीसुद्धा. त्या दिवशी तिला सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.

महिन्याभराने कामगार खात्यात गणेशच्या मृत्यूवर सुनावणी झाली. मिलच्या वकिलाने तेच कात्रण साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "बाई, ही जाहिरात तुम्हीच दिली का? यात लिहिलंय ते खरं आहे?"

कात्रण ओळखून सरलाबाईचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिची बाजू कुणी विचारत होतं.

"हाव साहेब," ती म्हणाली, "मीच देयेल शे. समदं खरं शे."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. तिने त्याखाली अंगठा उमटवला. आप्पा पुढे होण्यासाठी उठला आणि पुन्हा खाली बसला.